चिंचेशिवाय कांडवेल

माझ्या भावजयीच्या स्टॉलसमोर लोकांनी खाकरत पाणी मागावं, परीक्षकांचे डोळे भरून यावेत आणि तिने हौसेने रंगवलेली पाटी तिलाच उलटी करून ठेवावी लागावी, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी तिला एक चटणी शिकवली आणि शिकवताना तिच्यातली एक वस्तू माझ्याकडे ठेवून घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गरीब गाय समजायला नको.

एक वस्तू आपल्याकडे ठेवायची, ही विद्या मी उल्हासनगरला शिकले. अंबरनाथहून मी सव्वीस वर्षं तिथल्या एका पापडाच्या कारखान्यात जात होते. मालकीण सिंधी, वयाने मोठी आणि आवाजाने त्याहून मोठी. डाळीचं पीठ किती, मिरी किती, खार किती, हे सगळं माप तिने भिंतीवर रंगात लिहून ठेवलं होतं. कुणीही यावं, वाचावं. पण पीठ मळायला घेतलं की ती आतल्या खोलीतून उजवी मूठ मिटून यायची, परातीवर मूठ उघडायची आणि लगेच ओढणीला हात पुसायची. त्या मुठीत काय असायचं ते सव्वीस वर्षांत आम्हा कुणाला कळलं नाही. आमच्यातली एक जण काम सोडून भिंतीवरचं सगळं माप घेऊन गेली, घरी पापड करायला लागली. तिचे पापड तळले की कातड्यासारखे वातड व्हायचे. मालकिणीला ते कळलं तेव्हा ती खुशीत म्हणाली, "दीवार का सब ले गई बिचारी. मुट्ठी तो मेरे पास है." मी तेव्हा तिच्याबरोबर हसले होते.

आई माझ्या धाकट्या भावाकडे, बदलापूरला शिरगावात राहायची. ती मूळची सोनिवलीच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरच्या कुंपणावर कांडवेल होती. चौकोनी कांड्यांची, गाठीगाठीने वाढणारी ती वेल घरात कुणाचं हाड मोडलं की कापून आणायची, हा त्यांच्याकडचा रिवाज. कुंपणाच्या जागी इमारत उभी राहायला लागली तेव्हा आईने दोन कांड्या तोडून आणल्या. एक शिरगावच्या ग्रिलमधल्या कुंडीत लावली, एक मला दिली. तिच्या हातची कांडवेलीची चटणी म्हणजे आमच्या घरातली मोठी गोष्ट होती. ती कुणाला शिकवायची नाही, असं काही ठरलं नव्हतं. पण ती फक्त मला येते, असं मी धरून चालले होते.

आई पहिल्यांदा बाथरूममध्ये पडली तेव्हा तिचं मनगट मोडलं. हाडं फार ठिसूळ झालीत, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरले. मला भाऊ एकच, बहीण नाही आणि माझा नवरा लवकर गेलेला. आई चालती-फिरती राहावी यापलीकडे मला त्या वर्षी काही नको होतं. आमच्या महिला मंडळात एक आहारतज्ज्ञ बोलायला येणार, हाडांवर बोलणार, असं कळलं. मी नवी वही घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले.

ती मुलगी चांगलं बोलली. हाडं म्हणजे नुसतं दूध आणि कॅल्शियम नव्हे, म्हणाली. झाडं स्वतःच्या बचावासाठी, रंगासाठी, वासासाठी जी संयुगं तयार करतात, त्यांतली काही आपल्या हाडांच्या उपयोगी पडू शकतात. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन असतात, तिळात आणि जवसात लिग्नान असतात, जांभळात, कोकमात, लाल कांद्यात रंगद्रव्यं असतात. हाडाची झीज थोडी कमी करायला त्यांची मदत होऊ शकते. हिरव्या पाल्यात व्हिटॅमिन के असतं, तेही हाडांना लागतं. नाचणी भिजवून मोड आणले की तिच्यातलं कॅल्शियम अंगी जास्त लागतं. पालकातलं मात्र बरंचसं ऑक्झलेटने बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे पालकाच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक वाक्यात ती "मदत होऊ शकते" म्हणत होती. मी वहीत सगळीकडे "मदत होते" असं लिहिलं.

मी हात वर करून कांडवेलीचं विचारलं. ती म्हणाली, लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात, तिच्यावर तपासण्या चालू आहेत, पण गोळ्या बंद करून ती खाऊ नका. घसा का खाजतो, तेही तिने सांगितलं. कांडीत ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात, ते टोचतात. तेलात परतून वर चिंचेसारखं आंबट घातलं की टोचणं कमी होतं. मला फार बरं वाटलं. माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती आणि चिंच घातल्याशिवाय ती कढई खाली उतरवायची नाही. मी घरी येताना एकटीच हसत होते.

त्यानंतर दर गुरुवारी माझा डबा शिरगावला जाऊ लागला. शेवग्याचा पाला, माठ, राजगिऱ्याचा पाला, तिळाची चटणी, मोड आणलेल्या नाचणीची भाकरी. आई खायची आणि पोळी लाटल्यासारखं मनगट फिरवून दाखवायची. भावजय बघायची, बोलायची नाही. ती घरी शिकवण्या घ्यायची. तिचं बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. मला ती पहिल्यापासून शिष्ट वाटायची, हे मी लपवत नाही.

मग एका गुरुवारी तिने मला दारातच थांबवलं. एका हातात फोन, त्यावर कुठल्याशा मुलाची आई बोलत होती. भावजय फोनवर हात ठेवून म्हणाली, "ताई, पाला नका आणू आता. आईंना हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळी चालू झालीय, रक्त पातळ व्हायची. तिच्याबरोबर पाल्याचं चालत नाही."

"शेवग्याचा पाला चालत नाही? तो कुणाला चालत नाही गं?"

"डॉक्टर म्हणाले," एवढंच ती बोलली आणि पुन्हा फोनला लागली. डबा तिने घेतला नाही.

मी डबा तसाच परत आणला. रिक्षात मांडीवर तो गरम लागत होता आणि माझ्या डोक्यात जाळ झाला होता. तीस वर्षं मी लोकांच्या घरच्या सुना पाहिल्यात. सासूचं माहेर तोडायचं तर आधी तिच्या माहेरचं खाणं तोडतात. आईचं माहेर आता कुठे उरलं होतं? एका कुंडीत आणि माझ्या डब्यात. हिला तेही नको होतं, असं मी मनाशी पक्कं केलं. गोळीबद्दल मी डॉक्टरांना विचारलं नाही. भावालाही विचारलं नाही, तो बायकोचंच बोलेल म्हणून.

मी काय केलं ते ऐका. एक लहान, झाकणाला कडी असलेला स्टीलचा डबा घेतला. त्यात पाला दाबून भरायचा, डबा कापडी पिशवीत तळाला ठेवायचा, वर केळी. भावजय बाहेरच्या खोलीत मुलांना गणितं शिकवत असायची, तेव्हा मी आतल्या खोलीत आईला भरवायचे. आईला त्याची मोठी मजा वाटायची. तोंडाला पदर लावून ती चोरट्या पोरीसारखी हसायची. "तिला नको सांगू गो बाय," म्हणायची. "मना आवरते ही भाजी. आन तू." कधी जेवण झालेलं असलं तर ती डबा उशीखाली ठेवून घ्यायची आणि पुढच्या वेळी रिकामा द्यायची. भावजयीच्या नाकावर टिच्चून मी आईची हाडं सांभाळतेय, या आनंदात माझे कित्येक महिने गेले.

तरी आई दुसऱ्यांदा पडली. या वेळी खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती उठून उभी राहिली नाही. मी पाला वाढवला. आठवड्यातून एकदा जात होते ती चारदा जाऊ लागले आणि लहान डब्याच्या जोडीला दुसरा आला. एका सकाळी आईचं तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. मी उभी राहून बोलले, "हिने माझ्या आईची हाडं उपाशी ठेवली. खायला दिलं असतं तर माझी आई पडली नसती." भाऊ ताटावरून उठला. माझी मावशी रडायला लागली. भावजय वाढत होती, ती वाढतच राहिली. एका पंगतीला तिचं मीठ वाढायचं राहिलं होतं, ते वाढायला ती परत वळली, एवढं मला आठवतं. तिने उलट उत्तर दिलं नाही, म्हणजे तिचा गुन्हा तिला कबूल आहे, असं मी धरलं आणि तसंच सगळ्या भावकीत सांगितलं. दोन वर्षं मी तिच्या घरचं पाणी प्यायले नाही. भाऊबीजेला भाऊ एकटाच अंबरनाथला यायचा. तिने त्याच्याबरोबर पाठवलेला फराळ मी त्याच्यासमोर कामवालीला द्यायचे. त्याचं तोंड उतरायचं. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग या वर्षी एका दुपारी ती स्वतः माझ्या दारात आली. हातात फुलं नाहीत, खाऊ नाही, नुसती पर्स. मी तिला बस म्हटलं, पाणी दिलं, चहा विचारला नाही.

"ताई, कात्रपला बचत गटांचा खाद्यमेळा आहे," ती म्हणाली. "यंदा हाडांसाठी पारंपरिक पदार्थ असा विषय आहे. मी आईंची कांडवेलीची चटणी ठेवावी म्हणतेय. तुम्ही सांगाल का कशी करायची?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. जिने आईच्या तोंडचा पाला काढला, तीच आता आईच्या नावाने चटणी विकायला निघाली होती. पाटीवर काय लिहिणार, असं मी विचारलं. "आईंच्या हातची, असंच लिहीन," ती म्हणाली. तेव्हाच मला पापडवाल्या मालकिणीची मिटलेली मूठ आठवली.

मी तिला अगदी मन लावून शिकवलं. कोवळ्या कांड्या घे, जून नको. कापायच्या आधी हाताला तेल लाव, नाहीतर हात खाजतील. कडांच्या शिरा सोलून काढ. तिळाच्या तेलात रंग बदलेपर्यंत परत. भाजलेले तीळ, सुक्या मिरच्या, लसूण, मीठ. पाट्यावर वाटलीस तर उत्तम. हे सगळं मी तिला दोनदा सांगितलं. चिंचेचं नाव एकदाही काढलं नाही.

ती वहीत लिहून घेत होती. शेवटी पेन थांबवून तिने विचारलं, "बस, एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, वही मिटली आणि उठली. ती गेल्यावर मी माझ्यासाठी चहा केला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्याची चव लागली.

मेळ्याच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. रिक्षातून जाताना मी काय काय बोलायचं त्याची तालीम केली. लोक खाकरायला लागले की मी पुढे होणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, अगं, चिंच घालतात तिच्यात, आईच्या हातची म्हणतेस आणि एवढंही माहीत नाही? हॉलमध्ये गर्दी होती. नाचणीचे लाडू, तिळाच्या वड्या, सोयाबीनची धिरडी, सगळीकडे हाडांचीच भाषा. भावजयीचा स्टॉल खिडकीजवळ होता. पाटीवर लिहिलं होतं, आईंच्या हातची कांडवेल चटणी. आईंच्या वरचा अनुस्वार तिने मोठा आणि गोल काढला होता.

मी बाजूला उभी राहून पाहत होते. एका बाईने भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली, खाल्ली आणि पुन्हा मागितली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुडी बांधून घेतली. परीक्षक खाऊन गेले. कुणी खाकरलं नाही. शेवटी मी पुढे झाले आणि हात पुढे केला. तिने भाकरीचा तुकडा ठेवला, वर चमचाभर चटणी.

मी ती खाल्ली आणि घशात खाज येण्याची वाट पाहिली. खाज आली नाही. आंबट लागलं, मागून तिळाची चव आली आणि मी त्या हॉलमध्ये उभ्या उभ्या आईच्या सोनिवलीच्या अंगणात जाऊन पोचले.

"चिंच तुमची राहिली होती, ताई," ती हळू आवाजात म्हणाली. "मी घातली."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी. मनगट मोडलं तेव्हा. त्या स्टुलावर बसून सांगायच्या, मी करायचे. सहा-सात वेळा केली असेल."

"मग मला कशाला विचारायला आलीस?"

"त्यांचं नाव लावायचं तर तुम्हाला विचारायला नको?" एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला पुडी दिली, मग पुन्हा माझ्याकडे वळली. "आणि तुमच्या तोंडून ऐकायची होती मला. सगळी."

मी तिथून निघायला हवं होतं. पण मला हरल्याचा राग आला होता आणि मी हातातलं शेवटचं शस्त्र काढलं. मी म्हटलं, "चटणी करून घातलीस आणि पाला तोडलास ना? हाडं त्यानेच गेली तिची."

ती टेबलाखाली वाकली. पिशवीतून तिने कडीचा लहान स्टीलचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. आई गेली त्या आठवड्यात तो उशीखालीच राहिला होता. मी तो विसरले होते.

"हा तुमचा. द्यायचा राहिला होता," ती म्हणाली. "दर महिन्याला त्यांचं रक्त तपासायचे, गोळी किती लागू पडते ते बघायला. रिपोर्ट जागेवर यायचाच नाही. डॉक्टर मला बोलायचे, घरात पाला खातात का म्हणून. त्याने गोळीचं काम अडतं, रक्तात गाठ होऊ शकते. रोज थोडा, तेवढाच दिला तर चालेल म्हणाले होते. मी चमचाभर देतच होते. मग एकदा उशी बदलताना हा सापडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की दारात. परत सांगणार होते, तर आईंनी माझे हात धरले. म्हणाल्या, बायला बोलू नको, ती येवाची बंद होईल. मग मी डबा परत उशीखाली ठेवला." तिने चमचा चटणीच्या भांड्यात सरळ केला. "तुमच्या भावाला अजून माहीत नाही. त्यांना मी सांगणार नाही."

"त्यानेच गेली का ती?" मी विचारलं. मला तो प्रश्न विचारायचा नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, या वयात कशानेही होतं. खरं काय ते मला नाही माहीत, ताई."

ती खोटं बोलत असेल, असं मला वाटलं असतं तर किती सोपं झालं असतं. डबा पिशवीत टाकून मी घरी आले. पंख्याखाली बसले आणि कपाटातून ती वही काढली. भाषणाचं शेवटचं पान काढलं. माझंच अक्षर होतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल त्यांनी पाला एकदम वाढवू नये, डॉक्टरांना विचारावे. त्याच्या शेजारी मी कांडवेलीचं चित्र काढलं होतं, एकावर एक चौकोन, गाठीला गाठ. तेव्हा आईची गोळी सुरू झाली नव्हती, आपल्याला काय करायचंय म्हणून मी चित्र काढत बसले असणार.

मी भावजयीला माफ केलेलं नाही. तिने मला गप्प राहून मारलं. दहाव्याला सगळ्यांसमोर एक वाक्य बोलली असती तर मी तेव्हाच संपले असते, पण तिने ते वाक्य दोन वर्षं मुठीत ठेवलं आणि अजूनही ती मूठ माझ्या भावासमोर उघडत नाही. मला तिचा राग येतो. आता फक्त तो राग सुरू करायला मला रोज वेगळं कारण शोधावं लागतं आणि दुपारपर्यंत ते पुरत नाही.

परवा गुरुवार होता. मी माझ्या ग्रिलमधल्या कुंडीतून कोवळ्या कांड्या तोडल्या, हाताला तेल लावलं, शिरा सोलल्या, तिळाच्या तेलात परतल्या. तीळ, मिरच्या, लसूण, मीठ सगळं घातलं. चिंचेची बरणी समोर होती, ती उघडली नाही. भाकरी केली आणि वाटीभर चटणी बसून पूर्ण खाल्ली. घसा संध्याकाळपर्यंत टोचत होता. मी पाणी प्यायले नाही.